त्या तिघांचे मनापासून आभार

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज. तिच्यासाठी नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरच्या एका गोदामवजा फर्निचर दुकानातून पलंग घेतला. बिल झालं आणि ठरवलेल्या टेम्पोवाल्याने फोनच बंद केला. बाहेर धो धो पाऊस, दुकान बंद व्हायची वेळ.

लोडिंगवरच्या काकांनी पाथर्डी फाट्यावरून ओळखीचा छोटा हत्ती टेम्पो बोलावला. माल पार्टिकल बोर्डाचा. कडेला पाणी लागलं की तो फुगतो, मग स्क्रू धरत नाही. काकांनी प्रत्येक खोक्याचे कोपरे प्लास्टिकने गुंडाळले, वर स्वतःचा रेनकोट टाकला आणि आपण भिजत घरी गेले.

काउंटरवरच्या ताईंनी तर कमालच केली. बसल्यावर आईचे गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत, हे त्यांना सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे पक्कं माहीत. बाबांना फोन लावून आईच्या नेहमीच्या खुर्चीची उंची मोजायला लावली. इकडे गादीसकट पलंगाला टेप लावली. उंची कमी भरली, तर पायांखाली बसवायचे ठोकळे मागच्या रॅकमधून शोधून आणले. (डिस्चार्जच्या कागदावर यातलं अक्षर नव्हतं!)

सिडकोत पोचलो तर लाइट गेलेली, लिफ्ट बंद. गाडीवाल्या दादांनी खोकी माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर चढवली. जास्तीचे पैसे काही घेतले नाहीत. "आईंना शहाळं आणा त्याचं," म्हणाले.

आई आता आधार घेऊन स्वतः उठते. काका, तुमचा रेनकोट आमच्याकडेच आहे, या आठवड्यात आणून देतो.