सेंटरवरच्या वहीत आपला पासवर्ड कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि ऑनलाइन सेल लागतात, ते साधारण एकाच वेळी. त्या दिवसांत आमच्याकडे मोंढ्याजवळच्या ऑनलाइन सेंटरांवर "एवढं मागवून द्या" म्हणणाऱ्यांची रीघ असते. बॅटरीवरचा फवारणी पंप, मोटारीचा स्टार्टर, पोरीसाठी नीटची पुस्तकं. काउंटरवरचा पोरगा मागवून देतो, वर थोडे पैसे घेतो. त्यात वावगं काही नाही. ज्याला त्या स्क्रीनवरचं काही उमगत नाही, त्याने दुसरं करावं तरी काय?

माझी तक्रार आहे ती काउंटरवरच्या वहीबद्दल. नाव, मोबाइल, ईमेल, पासवर्ड असे रकाने आखलेली लांबट वही. पासवर्डही एकाच छापाचे, गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. ईमेल सेंटरवाल्यानेच काढून दिलेला, त्याला रिकव्हरी नंबरही, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा मोबाइल नंबरही, कधी कधी त्याचाच. पोरं प्रामाणिक असतील, नव्हे, बहुतेक असतातच. पण ती हंगामागणिक बदलतात, वही मात्र तिथेच उघडी पडलेली असते.

ओटीपी आपल्याच मोबाइलवर येतो, मग भ्यायचं कशाला, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं. 1 ऑक्टोबर 2022 पासून खरेदीच्या साइटना आपला कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, हे बरं झालं. पण साइटवरच्या आपल्या खात्यातली गिफ्ट कार्डाची शिल्लक वापरायला ओटीपी लागेलच असं नाही. पत्ता बदलता येतो. कॅश ऑन डिलिव्हरीने घेतलेली वस्तू परत केली, तर रिफंड कुठल्या बँक खात्यात टाकायचा हेही खातं ज्याच्या हातात तोच भरतो. आणि ओटीपीचं म्हणाल, तर आपण मोबाइलच त्याच्या पुढ्यात ठेवून चहाला गेलेलो असतो!

पैसे गेले तर बँक भरून देईल, या भरवशावरही राहू नये. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: पैसे भरण्याची गुप्त माहिती ग्राहकानेच दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून आधी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, भावकीत चर्चा नंतर.

दुकानदाराने स्वतःच्या खात्यावरून मागवावं, असं काही जण सुचवतात. मग बिल आणि परतीची सोयही त्याच्याच खात्यावर राहते. पंप बंद पडला आणि तोवर सेंटरही उठलेलं असलं, तर बसा शोधत. त्यापेक्षा खातं आपलं असावं, पासवर्ड आपण टाकावा, पैसे वस्तू दारात आल्यावर द्यावेत आणि समोर उभं राहून लॉगआउट करून घ्यावं. पोरगा तोंड वाकडं करील, करू द्या.

ज्यांची नावं आधीच वहीत आहेत त्यांनी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. रिकव्हरी नंबर दुसऱ्याचा असेल तर नवा पासवर्डही त्याला बदलता येतो. आधी नंबर आपला टाकावा, मग पासवर्ड. गुगल खात्यात सिक्युरिटीमध्ये आपलं खातं कुठकुठल्या यंत्रावर उघडं आहे ते दिसतं, ओळखीचं नसेल ते तिथूनच बंद करावं. दिवाळीला पुण्याहून गावी आलेल्या पोरांना हे काम फटाक्यांच्या आधी सांगावं.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)