विषय : दोन पट टेलिकन्व्हर्टरवर न चालणारा ऑटोफोकस, आणि ‘एफ/१६ ठेवून बघा’ हा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. माझी तक्रार तुमच्याकडे ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाल्याचा एसएमएसही येऊन पडला आहे. काय निराकरण झालं, ते जमल्यास मलाही कळवा.

कॅमेरा तुमचा डीएसएलआर, लेन्स तुमचीच १००-४०० झूम, आणि वाशीच्या तुमच्या अधिकृत दुकानात तुमच्याच माणसाने गळ्यात मारलेला दोन पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवून चित्र दुप्पट जवळ आणणारं जोडभिंग. पोस्टरवर लिहिलं होतं, ‘८०० मिमी, ऑटोफोकससह’. खाली टीप नाही, चांदणी नाही. ४०० मिमीला ही लेन्स जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका मोठा, तितकं अ‍ॅपर्चरचं छिद्र लहान आणि प्रकाश कमी). कन्व्हर्टर दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश प्रकाश, खातो; उरतं एफ/११. आणि तुमच्या या बॉडीचं फेज डिटेक्शन (व्ह्यूफाइंडरमधून बघताना चालणारा झटपट ऑटोफोकस) एफ/८ पर्यंतच चालतं, तेही मधल्या एकाच फोकस पॉइंटवर. हा तक्ता तुमच्याच मॅन्युअलच्या मागच्या पानांत आहे, भिंग घेऊन वाचावा अशा अक्षरांत. पोस्टरची अक्षरं मात्र हातभर.

ऐरोलीहून खाडीत बोटीने गेले होते. खांबावर ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी, पायात मासा, ऊन पाठीमागून. शटर अर्धं दाबलं की लेन्स घरघरत एका टोकाला जाते, घरघरत दुसऱ्या टोकाला येते आणि कुठेच थांबत नाही. हाताने फोकस करावा, तर व्ह्यूफाइंडरमध्ये दोन स्टॉपचा अंधार आणि पायाखाली डुलती बोट. ऑस्प्रेने मासा निवांत संपवला.

मोटर ठीक आहे, लेन्स आणि कॅमेरा जोडणारे धातूचे कॉन्टॅक्ट ठीक आहेत. कन्व्हर्टर काढला की फोकस झटकन बसतो. मैत्रिणीचा १.४ पटवाला लावला, एफ/८ झालं, तर मधला पॉइंट कुरकुरत का होईना चालला. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघताना, कॉन्ट्रास्ट मोजून होणारा संथ फोकस तर ८०० लासुद्धा बसतो, फक्त तोवर पक्षी उरणला पोचलेला असतो. हे सगळं ईमेलमध्ये लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘कॉन्टॅक्ट कोरड्या कापडाने पुसा.’ पुसले.

आता आजचा फोन. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवून बघा, सगळं शार्प येईल.” मी म्हटलं, अहो, फोकस होत असताना लेन्सची पाती पूर्ण उघडीच असतात, मी लावलेल्या आकड्यावर ती मिटतात ती फोटो निघतानाच. एफ/१६ लावा नाहीतर एफ/२२, ऑटोफोकसला त्याचं काही नाही. त्याला मतलब लेन्स जास्तीत जास्त किती उघडते याच्याशी. कॅमेऱ्याच्या तळाशी बसलेला सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेला प्रकाश ताडून बघतो. एफ/११ ला प्रकाशाचा शंकू इतका निमुळता होतो की सेन्सर ज्या कडांकडे बघतो, तिथून काही येतच नाही. पलीकडे शांतता. मग, “मॅडम, पक्षी हलत असेल.” मी म्हटलं, बसलेला होता. “मग लांब असेल.” लांब असतो म्हणूनच ८०० मिमी घेतात ना हो! त्यावर, अगदी समजुतीच्या सुरात, “मॅडम, घरात सर आहेत का? त्यांना फोन देता का, सेटिंग समजावून सांगतो.”

सर घरात होते. ते मटार सोलत होते, त्यांना मी उठवलं नाही.

संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड होतं म्हणे, ‘प्रशिक्षणासाठी’. मग एकदा ऐकाच.

कन्व्हर्टर टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. एफ/२.८ च्या लेन्सवर तो लावला की एफ/५.६ होतं, सगळं सुरळीत. एफ/४ वर एफ/८, निदान मधला पॉइंट तरी चालतो. पण मला तो एफ/५.६ च्या झूमबरोबर, एकाच बिलात, ‘८०० मिमी, ऑटोफोकससह’ म्हणून विकला. हे तुमच्या कारखान्यात ठाऊक आहे, मॅन्युअल लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, फक्त विकणाऱ्याला आणि फोन उचलणाऱ्याला नाही.

माझ्या वडिलांचा फिल्म कॅमेरा तुमचाच होता. मंद, म्हणजे कमी उघडणारी लेन्स लावली की त्याच्या व्ह्यूफाइंडरमधलं फोकस जुळवायचं दुभंगलेलं वर्तुळ अर्धं काळं पडायचं. कारण हेच, शंकू निमुळता झाला. तो कॅमेरा निदान तोंडावर सांगायचा की इथे माझं काही चालणार नाही. त्या भरवशावर आम्ही दोन पिढ्या तुमच्याकडे येत राहिलो. पुढची लेन्स कुणाची घ्यायची, हा विचार आता मोकळ्या मनाने करता येईल.

कन्व्हर्टर परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. क्रेडिट नोट चालणार नाही. पोस्टरवर एफ/८ ची मर्यादा छापा, आहे त्याच आकाराच्या अक्षरांत. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणतात ते स्पष्ट लिहिलं आहे आणि पोस्टरचा फोटो माझ्याकडे आहे. तो मोबाइलवर काढलाय, फोकस व्यवस्थित आहे.

कृपया फोन करू नका. उत्तर लेखी पाठवा, आणि लिहिणाऱ्याला एफ/८ आणि एफ/११ मधला फरक माहीत असेल एवढं बघा.

तुमची (अजून तरी) ग्राहक,
सीवूड्स, नवी मुंबई

सोबत : बिलाची प्रत, पोस्टरचा फोटो