मत द्यायला जाण्याआधी हे वाच

चिऊ,

काल फोनवर म्हणालीस की नाव नोंदवलंय पण मत द्यायला जाईनच असं नाही, न्यू जर्सीत कोण येणार ते आधीच ठरलेलं असतं, माझ्या एका मताने काय होतंय. तुझा क्लास होता म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, घाईत बोलण्यासारखा विषयच नाही तो. आता रात्रीची भांडी आवरून निवांत टाईप करतेय. लांबलचक होणार आहे पण पूर्ण वाच. वॉशिंग्टनने डेलावेअर नदी कशी ओलांडली ते तुम्हाला शाळेत दरवर्षी शिकवलं, पण ज्या राज्यात तू जन्मलीस तिथे मत कोणाला होतं आणि कोणाचं काढून घेतलं ही गोष्ट कोणी नीट सांगितली असेल असं मला वाटत नाही.

मुळात ही जमीन लेनापी ह्या मूळच्या आदिवासी लोकांची. पसेइक, रॅरिटन, हॅकनसॅक, आपण रोज घेतो ती नद्यांची नावं त्यांच्याच भाषेतून आलेली. १६०९ मध्ये हेन्री हडसन डचांच्या जहाजातून आला, मागोमाग व्यापारी आले, आणि १६४३ च्या फेब्रुवारीत डच गव्हर्नर कीफ्टच्या हुकुमावरून सैनिकांनी पावोनियात, म्हणजे आत्ताच्या जर्सी सिटीत, रात्री झोपलेल्या लेनापींची कत्तल केली, बायका मुलं धरून ८० च्या आसपास माणसं. ते तिथे दुसऱ्या टोळ्यांच्या हल्ल्यातून जीव वाचवून आसऱ्याला आलेले होते. तिथून जवळच १६६० ला बर्गन नावाचं तटबंदीचं गाव वसलं, तो चौक अजून आहे, आत्याकडे जाताना कितीदा गेलोय आपण तिथून.

१६६४ ला इंग्रजांनी हा भाग डचांकडून घेतला. आणि बघ हं, प्रदेश हातात यायच्या आधीच राजाच्या भावाने, ड्यूक ऑफ यॉर्कने, तो आपल्या दोन मर्जीतल्या माणसांना, बर्कली आणि कार्टरेटला, देऊन टाकला होता. कार्टरेट जर्सी बेटावरचा म्हणून ही न्यू जर्सी. पुढच्या वर्षी त्या दोघांनी लोकांनी इथे येऊन राहावं म्हणून एक सनद काढली, त्यात जमीन मिळेल, ज्याचा धर्म त्याने पाळावा, निवडलेली सभा असेल, सगळं होतं, आणि त्याच कागदात हेही होतं की जो गुलाम घेऊन येईल त्याला दर गुलामामागे जास्तीची जमीन. एकाच कागदावर दोन्ही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण पुढची सगळी गोष्ट ह्याच दोन वाक्यांच्या ओढाताणीची आहे.

मधली पूर्व जर्सी पश्चिम जर्सी, क्वेकर, दोन राजधान्या वगैरे भानगड मी सोडून देते, १७०२ ला दोन्ही एकत्र होऊन राजाची वसाहत झाली एवढं पुरे. पण एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. १७५८ मध्ये उरलेल्या लेनापींसाठी बर्लिंग्टन काउंटीत ब्रदरटन नावाची राखीव वसाहत केली. ती काही टिकली नाही, १८०२ ला ते लोक जमीन विकून न्यूयॉर्क राज्यात निघून गेले. आणि मग १८३२ साली बार्थोलोम्यू कॅल्विन नावाचे त्यांच्यातले म्हातारे गृहस्थ, प्रिन्स्टनला शिकलेले, ट्रेंटनच्या विधिमंडळापुढे अर्ज घेऊन आले की आम्ही जमीन विकली पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क कधी विकला नव्हता, त्याचे पैसे द्या. विधिमंडळाने २००० डॉलर मंजूर केले. रक्कम किती क्षुल्लक ते दिसतंच आहे, पण ज्याला त्या सभेत मत नव्हतं, प्रतिनिधी नव्हता, तो माणूस हातात एक कागद घेऊन एकटा उभा राहतो ह्याचं मला फार वाटतं.

आता १७७६. तू राहतेस ते न्यू ब्रन्सविक तेव्हा ऐन रस्त्यात होतं. त्या नोव्हेंबरात इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस हडसन ओलांडून आला आणि वॉशिंग्टनच्या फाटक्या सैन्याला नुअर्क, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन, ट्रेंटन असं पार डेलावेअरपर्यंत पिटाळत नेलं. नाताळच्या रात्री वॉशिंग्टन परत आला आणि ट्रेंटनला हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन, सैनिक पकडले ते तुला माहितीय. त्यानंतर आठवड्याभराने आलेली रात्र मात्र मला जास्त आवडते, २ जानेवारी १७७७, कॉर्नवॉलिस समोर येऊन ठाकलाय, सकाळी बघू म्हणून थांबलाय, आणि वॉशिंग्टन शेकोट्या पेटत्या ठेवून सगळं सैन्य घेऊन अंधारात प्रिन्स्टनकडे निघून गेला.

हाच कॉर्नवॉलिस १७८१ ला यॉर्कटाऊनला शरण आला आणि १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात पोचला. १७९१ च्या मे महिन्यात टिपूवर चालून गेला तेव्हा श्रीरंगपट्टणजवळ त्याच्या सैन्याची उपासमार झाली, मोठ्या तोफा स्वतःच फोडून टाकून माघारी फिरायची वेळ आली. तेव्हा धान्याने भरलेला बाजार घेऊन जे मराठे सैन्य येऊन भेटलं त्यात हरिपंत फडके होते आणि आपले तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते! ज्यांनी बांधलेल्या गणपतीच्या देवळाचं सात मजली गोपुर तू आजीचा हात धरून बघितलंस, त्यांनी ह्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याला उपाशी मरण्यापासून वाचवलं. तुझ्या दोन्ही गावांशी त्या माणसाचा असा संबंध आला.

असो, मूळ मुद्दा. २ जुलै १७७६ ला, स्वातंत्र्याचा जाहीरनामा व्हायच्या दोन दिवस आधी, न्यू जर्सीने आपली राज्यघटना केली आणि त्यात मतदार कोण तर सज्ञान असलेले, ५० पौंडांची मालमत्ता असलेले आणि वर्षभर काउंटीत राहिलेले सगळे रहिवासी. पुरुष असं लिहिलं नाही, गोरे असंही नाही. १७९० च्या कायद्यात तर मतदाराला तो किंवा ती असं स्पष्ट म्हटलंय आणि १७९७ मध्ये ते सगळ्या काउंट्यांना लागू झालं. म्हणजे विधवा आणि लग्न न झालेल्या बायका (लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची, म्हणून त्या बाद) आणि स्वतंत्र काळी माणसं, सगळे मत देत होते, सगळ्या अमेरिकेत दुसरीकडे कुठेही बायकांना मत नव्हतं तेव्हा. बरीच वर्षं हे म्हणे अपवाद होतं, चुकून झालं असं सांगायचे, पण अलीकडे जुन्या मतदारयाद्या सापडल्या आणि त्यात दीडशेहून जास्त बायकांची नावं निघाली.

१७९७ ला एलिझाबेथटाऊनला काय झालं ऐक. विधिमंडळाच्या निवडणुकीला नुअर्कचा जॉन कॉन्डिक्ट उभा होता, त्याच्या विरोधात बायका मोठ्या संख्येने मत द्यायला आल्या, तो जेमतेम निवडून आला. ते त्याच्या डोक्यात बसलं. दहा वर्षांनी, १८०७ मध्ये, एसेक्स काउंटीचं कोर्ट नुअर्कला असावं की एलिझाबेथटाऊनला ह्यावर मतदान झालं, दोन्हीकडच्या पुरुषांनी मनसोक्त बोगस मतं टाकली, होते त्या मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली, निकाल रद्द करावा लागला. आणि शिक्षा कोणाला? त्याच नोव्हेंबरात कॉन्डिक्टने पुढाकार घेऊन कायदा केला की इथून पुढे मत फक्त कर भरणाऱ्या गोऱ्या पुरुष नागरिकांना. बायका गेल्या, काळे गेले. हे वाचताना मला अजूनही संताप येतो. एकेका मताने काही होत नाही ना चिऊ? मग बिनकामाची वस्तू हिसकावून घ्यायला एवढी खटपट का केली असेल त्या माणसांनी?

मग काळोखाची वर्षं. १८०४ ला गुलामगिरी हळूहळू बंद करायचा कायदा आला पण कसा, तर त्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेली मुलगी २१ वर्षांची आणि मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत आईच्या मालकाकडेच राबणार. उत्तरेतल्या राज्यांत सगळ्यात शेवटी सुटका इथे झाली, १८६० च्या जनगणनेतही १८ माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती सुद्धा न्यू जर्सीने आधी फेटाळली आणि १८६६ मध्ये, ती देशभर लागू झाल्यावर, मान्य केली. १८४४ ला नवी राज्यघटना आली त्यात तर गोरा पुरुष हे शब्द घटनेतच घातले.

ह्या पार्श्वभूमीवर माझ्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा जागी, पर्थ अंबॉयला, ३१ मार्च १८७० ला थॉमस मंडी पीटरसन मत द्यायला गेला. शाळेत झाडलोट आणि देखभालीचं काम करायचा तो. आदल्याच दिवशी पंधरावी घटनादुरुस्ती, म्हणजे वंश किंवा रंगावरून कोणाचं मत नाकारता येणार नाही ही, लागू झाल्याचं जाहीर झालं होतं, आणि तिच्याखाली अख्ख्या देशात मत देणारा हा पहिला काळा माणूस. मत कशावर होतं माहितीय? गावाची सनद बदलायची की नाही ह्यावर. राष्ट्राध्यक्ष नाही, सिनेटर नाही, गावचा कारभार. नंतर गावातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला सोन्याचं पदक केलं. आणि हे सगळं अशा राज्यात, ज्याने ती दुरुस्तीसुद्धा आधी नाकारलीच होती. गोरा हा शब्द राज्याच्या घटनेतून १८७५ ला निघाला.

बायकांना अजून थांबायचं होतं. १८६८ मध्ये व्हाईनलँडच्या १७२ बायकांनी स्वतःची वेगळी पेटी आणून त्यात मतं टाकली, मोजली जाणार नाहीत हे माहीत असून. १९१५ ला बायकांच्या मताधिकारावर राज्यात सार्वमत झालं ते आपण हरलो. १९२० च्या फेब्रुवारीत शेवटी विधिमंडळाने बायकांना मत देणारी एकोणिसावी दुरुस्ती मान्य केली. १८०७ ते १९२०, हिशोब तूच कर.

तोवर राज्य पूर्ण बदललेलं. पॅटरसनच्या धबधब्यावर गिरण्या उभ्या राहिल्या, तिथलं रेशीम देशभर जायचं, मेन्लो पार्कला एडिसनने दिवा लावला, लोक युरोपातून बोटी भरभरून येत होते, पुढे बोगदे, पूल आणि १९५१ चा टर्नपाईक महामार्ग. पण पुन्हा मताकडेच येते. १९६७ च्या जुलैत नुअर्क पेटलं, २६ माणसं गेली, शहरात काळे लोक बहुसंख्य आणि सिटी हॉल, पोलीस बहुतेक गोरे. तीन वर्षांनी त्याच नुअर्कने केनेथ गिब्सनला निवडून दिलं, शहराचा पहिला काळा मेयर.

आता आपलं. १९२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. ते १९४६ ला बदललं, तेव्हा सुद्धा वर्षाला जेमतेम शंभर जणांनाच यायची परवानगी, खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. तुझी आत्या जर्सी सिटीत राहायला आली त्यानंतर थोड्याच दिवसात, १९८७ ला, तिथल्या पेपरात एक पत्र छापून आलं, स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवणाऱ्या टोळीचं, की साडी नेसलेली, कपाळावर टिकली लावलेली बाई दिसली की आम्ही मारू, भारतीयांना इथून हाकलू. त्याच वर्षी होबोकेनला एका तरुण पारशी बँक मॅनेजरला रस्त्यात मारहाण केली, त्यात तो गेला. आत्या कुंकू पुसून ट्रेनमध्ये बसायची आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशासमोर परत लावायची, डबी पर्समध्ये कायम. लग्न होऊन सहा महिने झालेली मुलगी होती ती, सासूबाईंना पत्रात ह्यातलं एक अक्षर लिहिलं नाही तिने. आणि तिचं म्हणणं असं की सगळ्यात जास्त टोचायचं ते पोलिसांचं आणि नगरपालिकेचं थंडपण, कारण आमच्यातले बहुतेक ग्रीन कार्डवाले, मत नाही, मग आमचं ऐकायची घाई कोणाला. मोर्चे निघाले, आपले लोक पहिल्यांदा रस्त्यावर आले, १९९० मध्ये राज्याने द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना जास्त शिक्षेचा कायदा केला. लोक नागरिक होत गेले, मतं देत गेले. २००१ मध्ये उपेंद्र चिवुकुला राज्याच्या असेंब्लीवर निवडून आले. २०१७ ला होबोकेनने, त्याच होबोकेनने, पगडी घालणाऱ्या रवी भल्लांना मेयर केलं. त्या रात्री आत्याचा फोन आला होता, बोलली काहीच नाही, नुसती रडत होती.

तू म्हणतेस वरच्या जागा ठरलेल्या असतात. असतील. पण बॅलट, मतपत्रिका, खालपर्यंत वाच ना बाळा, काउंटी, टाऊनशिप कौन्सिल, शाळा बोर्ड. तुझा बाबा दर तिमाहीला जो प्रॉपर्टी टॅक्स भरून हुश्श करतो त्यातला मोठा वाटा शाळेला जातो आणि ते पैसे कुठे खर्च करायचे हे बोर्डावरची माणसं ठरवतात, त्यांना निवडायला किती थोडे लोक येतात ते मी दरवेळी बघते. मी शपथ घेऊन नागरिक झाले तेव्हापासून शाळा बोर्डाची निवडणूक सुद्धा चुकवलेली नाही. कोणाला मत दे हे मी सांगणार नाही, मी ज्याला देते त्याच्या विरोधात दिलंस तरी माझी काही तक्रार नाही.

तुझ्या नावाचं सॅम्पल बॅलट घरी आलंय, दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतेय. अर्ली व्होटिंग निवडणुकीच्या आधी नऊ दिवस असतं, काउंटीतल्या कुठल्याही सेंटरवर चालतं, तुझं डॉर्म पण मिडलसेक्समध्येच आहे त्यामुळे घरी यायची सुद्धा गरज नाही. सोमवार ते शनिवार रात्री आठपर्यंत उघडं असतं म्हणजे क्लासचं कारण चालणार नाही. आणि त्या शनिवारी जमलं तर ट्रेनने पर्थ अंबॉयला ये, पीटरसनची कबर सेंट पीटर्स चर्चच्या आवारात आहे ती दाखवते, मग तिथेच कुठेतरी जेवू. बेसनाचे लाडू केलेत, डबा घेऊन येईन, रूममेटला पण दे.

तुझी,
आई