वृत्ताचा गुंता सोडवणाऱ्या काकांना

नारायण पेठेतल्या वाचनालयात कोशांच्या कपाटाशेजारी बसणाऱ्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या लेकीचा एक मार्क गेला होता. सातवीपर्यंत ती इंदूरला हिंदीतून गणित शिकली. तिकडे वर्तुळाला 'वृत्त' म्हणतात, तेच तिनं इथल्या पेपरात लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारली. "भूगोलात विषुववृत्त चालतं, मग भूमितीत वृत्त का नाही?" हे तिचं म्हणणं काही मला खोडता येईना. त्यातून मराठीच्या तासाला वृत्त म्हणजे भुजंगप्रयात, आणि घरी आजोबांच्या हातात वृत्तपत्र!

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि कोश न उघडताच सुरू झालात. धातू 'वृत्'. फिरणं, असणं, घडणं. फिरून पुरं झालं ते गोल वृत्त, घडून गेलं ते सांगायचं वृत्त, म्हणून वृत्तांत. आणि कवितेत लघुगुरूंचा तोच क्रम चरणाचरणाला फिरून येतो, तेही वृत्तच. वर्तुळ त्याच घरातलं, वर्तमानपत्रही. "आणि सेवानिवृत्तसुद्धा," असं म्हणून तुम्ही स्वतःकडे बोट दाखवलंत.

'इतिवृत्त' हा शब्द मला फक्त सोसायटीच्या नोटिशीतून माहीत होता: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. भरताच्या नाट्यशास्त्रात इतिवृत्त म्हणजे नाटकाचं कथानक, नाट्याचं शरीरच, हे तुमच्याकडून कळलं. (आमच्या पार्किंगच्या सभेला दोन्ही अर्थ लागू पडतात.)

पण लेक खुलली ती आर्यभटापाशी. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातला तो श्लोक तुम्ही म्हणून दाखवलात आणि तिला पावतीच्या पाठीवर आकडेमोड करायला लावलीत. शंभरात चार मिळव, आठाने गुण, त्यात बासष्ट हजार घाल. आले ६२,८३२. वीस हजार व्यासाच्या वृत्ताचा हा परीघ, तोही 'आसन्न', म्हणजे जवळपास. भागाकार आला ३.१४१६. ती पावतीकडे बघतच राहिली. मग तुम्ही हळूच म्हणालात, "आता मात्रा मोज." पहिल्या ओळीत ३०, दुसरीत २७. म्हणजे आर्या वृत्त! वृत्ताचं माप वृत्तातच सांगितलेलं.

मार्क मिळाला नाही. पेपरात वर्तुळच लिहायचं, हे तुम्हीही तिला बजावलंत, ते बरं केलंत. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

आता घरात दिसेल त्या ओळीच्या मात्रा मोजणं चालू आहे. काल मोरोपंतांची आर्या घेतली, तर दुसऱ्या ओळीतही ३० च भरल्या. तिनं दोनदा मोजल्या, मग मीही मोजल्या. शनिवारी सकाळी तुम्ही असाल ना? वही घेऊन येतोय.

आपली,
इंदूरहून आलेली एक आई