रागासाठी मदत मागणाऱ्याने जायचं कुठे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी हातातला टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकून मारला. माझी आठ वर्षांची मुलगी त्या भिंतीला टेकून बसली होती. रिमोट तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आदळला आणि फुटला. लागलं कुणालाच नाही. कारण काय होतं ते आज आठवतसुद्धा नाही. आठवतं ते एवढंच की मुलगी खाली वाकून रिमोटचे सेल गोळा करत होती, आणि ते माझ्या हातात देताना म्हणाली, "सॉरी, बाबा."

तिने काहीही केलेलं नव्हतं.

त्या रात्री मी बायकोला म्हटलं, मला कुणाची तरी मदत घ्यायला हवी. त्या रात्रीपासून योग्य माणसासमोर बसेपर्यंत सात आठवडे गेले. हे पत्र त्या सात आठवड्यांबद्दल आहे.

पहिल्यांदा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब मोजला, झोपेची गोळी लिहून दिली आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. माणूस चांगला आहे, त्यांना दोष देत नाही. रागाबद्दल काय विचारायचं आणि पुढे कुणाकडे पाठवायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. मग एका दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आजार कोणता?" मी म्हटलं, "राग येतो." त्या म्हणाल्या, "तसं नाही, आजाराचं नाव सांगा. फॉर्ममध्ये भरावं लागतं."

त्यांचंही बरोबरच होतं. निदानाच्या पुस्तकांत नुसत्या 'रागा'ला जागा नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली काढलेल्या डीएसएम-5 मध्ये 'इंटरमिटंट एक्सप्लोझिव्ह डिसऑर्डर' (अधूनमधून रागाचा अनावर भडका उडण्याचा आजार) आहे, पण ते निदान ठरावीक निकषांत बसणाऱ्या उद्रेकांसाठी आहे. नैराश्यात चिडचिड येते, आघातानंतरच्या त्रासात येते, दारूने वाढते, झोप मोडली की वाढते, थायरॉइड बिघडलं तरी वाढते. म्हणजे राग अनेक आजारांच्या यादीत सापडतो, पण राग घेऊन आलेल्या माणसाला उभं राहायला रांग नाही.

तिसरा टप्पा मला सर्वांत महाग पडला. एक समुपदेशक मिळाले. खोली छान, भिंतीवर प्रमाणपत्रं. त्यांनी सांगितलं, राग दाबू नका, बाहेर काढा, रोज संध्याकाळी उशीला गुद्दे मारा. मी तीन आठवडे इमानेइतबारे उशी बडवली. दार बंद करून. पलीकडे मुलीला धपाधप आवाज ऐकू यायचा, हे माझ्या लक्षातही आलं नाही. आणि राग कमी व्हायच्या ऐवजी लवकर चढायला लागला.

पुढे कळलं की हे होणारच होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली प्रयोगाने दाखवलं होतं की ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत पिशवीवर ठोसे मारले तर राग आणि आक्रमकपणा वाढतो. 2024 साली त्यांनी आणि सोफी शेअरविक यांनी 154 अभ्यास एकत्र तपासले. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान यांनी राग उतरतो. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही, असं त्यातून निघालं. हे ज्ञान छापून ठेवलेलं आहे, महोदय. पण उशी बडवायला सांगणाऱ्या माणसाचं शिक्षण नेमकं किती आणि कशातलं, हे त्याच्या दारात उभ्या असलेल्या मला तपासता येईल अशी एकही सोय मला सापडली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती रागीट माणसाच्या घरच्यांना पक्की ठाऊक असते. उद्रेक झाल्यानंतरचे दोन-तीन दिवस माणूस वितळलेला असतो. तेव्हा तो कुठेही यायला तयार असतो, काहीही कबूल करतो. मग दिवस सरतात तशी कारणं जमा होतात. त्या दिवशी मी थकलो होतो, तिनेही विषय वाढवला, बाकीचे काय कमी चिडतात? पाचव्या आठवड्यात मीसुद्धा बायकोला म्हणालो होतो, "आता तर ठीक आहे मी, कशाला उगाच?" तिने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि तारीख कागदावर लिहून आरशाला चिकटवली. रोज दाढी करताना ती तारीख माझ्यासमोर असायची. ती नसती तर मी गेलो नसतो. मदतीची वाट दीड-दोन महिन्यांची असेल आणि तयारी तीन दिवसांची, तर बहुतेक माणसं वाटेतच गळणार. ती आळशी असतात म्हणून नव्हे.

त्या मानसोपचारतज्ज्ञांनी तासभर बसून झोप, दारू, नैराश्य, सगळं विचारलं, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (गोळ्यांऐवजी बोलण्यातून उपचार करणाऱ्या) बाईंकडे पाठवलं. बाईंचा पहिला प्रश्न होता, "ओरडण्याच्या आधी अंगात कुठे काय होतं?" मला सांगता येईना. त्यांनी एक वही ठेवायला लावली. राग आला की वेळ लिहायची, दहापैकी किती ते लिहायचं, अंगात काय झालं आणि त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं तेही लिहायचं. दोन आठवड्यांनी पान चाळताना दिसलं की जबडा आधी आवळला जातो. आणि वाक्य जवळजवळ दर वेळी तेच असतं: 'मुद्दाम करतायत.' मुलीच्या हातून पाणी सांडलं तरी मुद्दाम, बायकोला फोन उचलायला उशीर झाला तरी मुद्दाम. जबडा आवळला की आकडा साधारण चार असतो, आणि चारवर असताना खोलीबाहेर जाता येतं. आठवर गेल्यावर नाही. घरात आधी सांगून जायचं, अर्ध्या तासाने परत यायचं आणि विषय पुरा करायचा, हा नियम आम्ही तिघांनी मिळून ठरवला.

यात जादू काही नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रेमंड नोवाको यांनी 1975 साली रागावरच्या उपचाराची अशी शिस्तशीर मांडणी केली: चिथावणी ओळखा, शरीर शांत करा, मनातलं वाक्य तपासा, मग लहान प्रसंगांपासून मोठ्यापर्यंत सराव करा. 1998 साली रिचर्ड बेक आणि एफ्रेम फर्नांडिस यांनी अशा उपचारांचे 50 अभ्यास एकत्र केले, त्यांत 1,640 माणसं होती. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या 76 टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होता. औषध म्हणून एखाद्या गोळीचा असा निकाल आला असता तर ती दुकानादुकानांत मिळाली असती.

आणि हा प्रश्न फक्त स्वभावाचा नाही. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या 1,623 रुग्णांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. तीव्र राग आल्यानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका एरवीच्या दुपटीहून जास्त आढळला. आपल्या खात्याचं काम आहे ते.

माझं पहिलं मागणं साधं आहे. प्रत्येक उपचारकाचं शिक्षण, नोंदणी, रागावर काम करण्याचा अनुभव आणि त्याच्याकडची पुढची मोकळी तारीख एका ठिकाणी दिसावी, आणि ही यादी कुणालाही नाव न सांगता पाहता यावी. रागासाठी पहिली भेट आठवड्याच्या आत मिळावी, मग ती अर्ध्या तासाची असली तरी चालेल. एकेकट्याला वेळ देणं जमत नसेल तर गट चालवा. रागावर गटात काम करण्याची पद्धत रुळलेली आहे, साधारण बारा बैठकांचे कार्यक्रम तयार आहेत. आणि नेहमीच्या डॉक्टरांना एवढं तरी शिकवा की "टेन्शन घेऊ नका" म्हणण्याआधी "घरात कुणी तुम्हाला घाबरतं का?" असं विचारावं. मला तेव्हा कुणी हे विचारलं असतं तर मी खरं उत्तर दिलं असतं.

एका बाबतीत मात्र आपल्याला सावध करायला हवं. 'राग आवरत नाही' म्हणणारा प्रत्येक जण माझ्या रांगेतला नाही. साहेबासमोर जीभ आवरणारा, चारचौघांत हसतमुख असणारा आणि घराचं दार लागलं की बायकोवर हात उचलणारा माणूस राग उत्तम आवरतो. कुणावर काढायचा ते तो निवडतो. ती सत्ता आहे. त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून प्रमाणपत्र दिलं तर त्याच्या घरच्यांचा धोका वाढेल. त्याच्यासाठी वेगळे कार्यक्रम लागतात, आणि पहिल्या भेटीतच घरच्यांशी वेगळं, त्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊन बोलावं लागतं. माझ्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी माझ्या बायकोला एकटीला बोलावून विचारलं होतं. तेव्हा मला ते लागलं होतं. आज वाटतं, उपचारातली सर्वांत योग्य गोष्ट तीच होती. हे सगळीकडे बंधनकारक करा.

मला अजूनही राग येतो. मागच्या महिन्यात दोनदा सहापर्यंत गेला, दोन्ही वेळा मी सांगून बाहेर गेलो आणि परत आलो. मुलगी आता बारा वर्षांची आहे, आणि हल्ली माझ्याशी भांडते. पूर्वी भांडायची नाही.

माझ्या वहीची पहिली पानं त्या सात आठवड्यांची आहेत. कोणत्या दिवशी कुठे फोन केला, काय उत्तर मिळालं, पुढची तारीख कोणती मिळाली, सगळं मागाहून आठवून बायकोने आणि मी त्यात लिहून ठेवलं आहे. आपल्या खात्यातल्या कुणाला ती पाहायची असेल तर सांगावं, मी वही घेऊन येईन.

आपला,
एक नागरिक