आई-बाबा, बुकिंग झालंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच "तू जेवलीस का" वर येते, म्हणून लिहितेय. तुम्हा दोघांचं इटलीतल्या नेपल्सच्या सहलीचं बुकिंग केलं आहे, प्राध्यापक बरोबर येऊन सगळं समजावतात तशी. अर्धे पैसे भरून झाले. आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर दादाला फोन गेला असता, दादाने दहा मिनिटांत शोधून "एवढ्यात तर अख्खा युरोप होतो" असं कळवलं असतं आणि विषय संपला असता. दादाचं चूक नाही. एवढ्यात अख्खा युरोप होतो. तुमचा मागे झालाच की.

बाबा, त्या सहलीची तुमची डायरी माझ्याकडेच राहिली आहे. परवा रात्री पेन्सिल घेऊन बसले. "१०.४० बस सुटली. ४.१५ पोहोचलो. ५.०० निघालो." अकरा दिवस हेच. बेरीज केली तर बसमध्ये त्रेसष्ट तास आणि काहीतरी उभं राहून बघण्यात एकोणीस, तेही आईने बूट बदलले तो वेळ धरून. त्या एकोणीस तासांनी पैशांना भागून बघा, स्वस्त काय नि महाग काय. आणि मग ते पान: "मंगळवार. नेपल्स. म्यूझियम बंद." खाली काही नाही. टोलनाके मोजून लिहिणारा माणूस, आणि अर्धं पान कोरं. नेपल्सचं ते पुरातत्त्व संग्रहालय दर मंगळवारी बंद असतं. हे ज्याने कार्यक्रम आखला त्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून फरक पडत नव्हता. त्या दिवशी तुम्हाला चामड्याच्या दुकानात दोन तास बसवलं, हे आईने सांगितलं. तुम्ही आजवर नाही.

त्याच म्यूझियममधली ती हस्तिदंती बाई मला अजून पाठ आहे. पॉम्पेईच्या एका घरात १९३८ साली सापडली, जेमतेम वीतभर उंच, अंगावर दागिन्यांशिवाय काही नाही, शेजारी दोन छोट्या दासी, पायथ्याशी खरोष्ठी या आपल्याकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पॉम्पेई गाडलं, त्याच्याही आधी भारतातून समुद्रापलीकडे गेलेली. आणि तिच्यासारखीच आपल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली, हे सांगताना तुमचा आवाज दर वेळी जरा वर जायचा. मी सात वर्षांची असेन. आपल्या इथल्या संग्रहालयात मला उचलून धरायचात आणि म्हणायचात, "नाक लावू नकोस काचेला, वाफ धरते." मी लावायचेच. मग तुम्ही रुमालाने पुसायचात, शिपाई बघत नाही ना ते बघून.

तर आता खर्चाचं. लपवत नाही, दिवसाला साधारण दुप्पट पडतंय. का पडतंय ते मी भांडून विचारून घेतलं. माणसं फक्त सोळा, त्यामुळे बसचं भाडं चाळिसांऐवजी सोळांत वाटलं जातं. बरोबर येणाऱ्या प्राध्यापकांचा प्रवास, राहणं आणि मानधन हे सगळं त्याच सोळांच्या खिशातून. तिथे परवानाधारक स्थानिक गाइडही घ्यावाच लागतो, म्हणजे एकावर एक. हॉटेल मागच्यासारखंच साधं आहे. जादा पैसे गादीला नाहीत, माणसाला आहेत.

आणि तिथेच फसवणूकही होते, म्हणून मी पहिला प्रश्न तोच विचारला: तज्ज्ञ किती दिवस बरोबर असतात? पत्रिकेवर मोठं नाव छापायचं, त्यांनी एका संध्याकाळी हॉटेलात स्लाइड दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी विमानाने निघून जायचं, असंही चालतं. एका ठिकाणी मला "ते उद्घाटनाला असतील" असं उत्तर मिळालं. सहलीला उद्घाटन! तिथला फोन ठेवला. इथे ते आठही दिवस आहेत. जायच्या आधी तीन वर्गही घेणार आहेत.

त्यांच्याशी मी स्वतः बोलले. म्हटलं, "बाबांना ती लक्ष्मी बघायची आहे." ते म्हणाले, "लक्ष्मी म्हणू नका, यक्षी म्हणा, आणि तेसुद्धा जपून." मग तिच्या डोक्यातून खाली गेलेल्या भोकावर पंधरा मिनिटं बोलले: आरशाची मूठ होती की एखाद्या छोट्या मेजाचा पाय. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकत होते. वाटलं, बाबा, तुम्हाला भांडायला कोणीतरी मिळालं. पुस्तकात सगळं असतं हे तुमचं वाक्य मला माहीत आहे. पण पुस्तकाशी तुम्ही समासात पेन्सिलीने भांडता आणि ते उलट उत्तर देत नाही.

दुसरं एक उदाहरण देते, मग थांबते. पॉम्पेई गाडलं गेलं तो स्फोट ऑगस्ट ७९चा, असं आपण सगळे शिकलो. २०१८ साली तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तारीख ऑक्टोबरच्या मध्याची. कोळशाचं लिहिणं भिंतीवर फार काळ टिकत नाही, म्हणजे ते स्फोटाच्या थोडंच आधीचं, म्हणजे व्हेसुव्हियस बहुधा ऑगस्टमध्ये फुटलाच नाही. मागच्या वेळी तुम्हाला पाऊण तासात पॉम्पेई दाखवणारा मुलगा ऑगस्टच म्हणाला होता, डायरीत आहे. भिंत दाखवणं वेगळं आणि त्या कोळशावरून महिना कसा काढला हे सांगणं वेगळं. मी पैसे या दुसऱ्या गोष्टीचे भरतेय.

सगळ्यांनी अशाच सहली कराव्यात असं माझं म्हणणं नाही हं. बर्फाचे डोंगर आणि तळी बघायला प्राध्यापक कशाला, तिथे आईसारखं बाकावर बसून राहावं. एकच मोठं संग्रहालय असेल तर अर्ध्या दिवसाचा चांगला गाइड पुरतो, फार स्वस्तात. मावशीला मी हेच सांगितलं. पण जिथे अर्ध्या भिंती आणि ओळीने दगड उरलेत, तिथे सांगणारा नसेल तर माणूस दहा मिनिटांत सावली शोधतो.

आई, आता तुझं. तू म्हणणार की यात माझं काय. खरं सांगू, मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून आठातले दोन दिवस समुद्रकाठी मोकळे आहेत अशीच सहल निवडली. पॉम्पेईचे रस्ते मोठाल्या दगडांचे, गाड्यांच्या चाकांनी खाचा पडलेले, तुझ्या गुडघ्यांना ते झेपणार नाहीत. पण तिथे तीन किलोमीटरहून लांब असा सपाट केलेला मार्ग आहे, चाकाच्या खुर्चीचाही. त्याच बाजूने तुम्हाला नेणार, मी लिहून घेतलंय. घडीचं स्टूल ते देतात. हॉटेलला लिफ्ट आहे, खोली पहिल्या मजल्यावर, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, फोटो मागवून बघितला. जेवणाच्या वेळा बाबांच्या गोळ्यांशी जुळतात. सगळ्यांच्या कानात यंत्र असतं आणि प्राध्यापक हळू आवाजात बोलतात, त्यामुळे बाबांना डावा कान पुढे करून पहिल्या रांगेत घुसावं लागणार नाही. (बाबा, रागावू नका. मी कोणाला सांगितलं नाही.)

आणि हो, ती मूर्ती ठेवलीय ते दालन जरा वेगळं आहे. पॉम्पेईतली बरीचशी आंबट चित्रंबित्रं तिथे आहेत, त्याला गुप्त दालनच म्हणतात. तू सरळ मूर्तीकडे बघ आणि बाहेर ये. बाबांना काढायची जबाबदारी तुझी.

मी येत नाहीये. हे शेवटी लिहायचं ठरवलं होतं, आता लिहून टाकते. "पुढच्या वर्षी नक्की, मीच नेईन" हे मी किती वेळा म्हटलं ते तुम्ही मोजलं नसेल, मी मोजलं आहे. पुस्तकं वाचून, स्थानिक गाइड घेऊन, आपण तिघांनी जाणं स्वस्तही पडलं असतं. रजा मिळत नाही हे खरं आहे, आणि मिळाली असती तर कुठेतरी अजून काहीतरी निघालं असतं हेही खरं आहे. बाबांची दुसरी अँजिओग्राफी झाल्यापासून मला पुढच्या वर्षावर काही टाकवत नाही. पैसे टाकून मोकळी झाले असं वाटू देऊ नका. वाटलं तरी जा.

बाबा, उधळपट्टी म्हणाल तर तुमचाच तो रोमन लेखक प्लिनी काढते. भारताच्या मालापायी रोमची दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स नाणी जातात म्हणून रडला, आणि व्हेसुव्हियस फुटला तेव्हा नेपल्सच्याच खाडीत जहाजं घेऊन लोकांना वाचवायला, आणि डोंगर जवळून बघायला, निघाला. तो परत आला नाही, तुम्ही यायचं आहे. त्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावी तुम्हाला जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानींपाशी नेतील, तीनशेच्या आसपास माणसांचे सांगाडे तिथे सापडले. तिथे आईला एकटीला सोडून पुढे जाऊ नका.

आता ऐका. पॉम्पेईच्या तिकिटावर नाव असतं, रोजची माणसंही ठरलेली, वीस हजार. म्हणून पासपोर्टवरचंच नाव द्यायचं, बाबांचं घरचं नाही. हृदयाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, सुटकेसमध्ये नाही. निळी सुटकेस अजिबात नको, तिचं चाक गेलंय आणि ते दुरुस्त झालंय असं मला सांगू नका. डॉक्टरांकडे या महिन्यातच जा. ते नको म्हणाले तर सोडून देऊ, मी एक अक्षर बोलणार नाही. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, हे मुद्दाम सांगत नाहीये, पण मिळत नाहीत. बूट आत्ताच घ्या आणि घरात घालून फिरा. पहिला वर्ग चुकवू नका.

संग्रहालय गुरुवारी आहे. मी दोनदा विचारून घेतलं.

तुमची
मनू

ता. क. बाबा, रुमाल बरोबर असू द्या.