जखमी वळू ठेवायचा की काढायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीचा चिखल झाला की वळू घसरून किंवा झुंजीत जायबंदी होतात. इंदूर, देवास, आगरकडे मग दोन गोष्टी घडतात: आठ दिवसांत वळू सोडून दिला जातो, नाहीतर लंगडत असतानाच माजावरच्या गायी त्याला दाखवल्या जातात. दोन्हींत पशुपालकाचेच नुकसान आहे.

पहिल्यांदा इजा कुठे आहे ते पाहावे. गायीवर चढताना वळूचा सगळा भार मागच्या पायांवर येतो. पुढच्या पायाच्या खुरात पू झाला असेल तर तो मोकळा करून, दुसऱ्या चांगल्या नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवून, कोरड्या जागी बांधल्यास काही आठवड्यांत वळू बहुधा बरा होतो. मागच्या ढोपराचा अस्थिबंध तुटला असेल तर मात्र भारी अंगाच्या वळूकडून पुन्हा कामाची आशा धरू नये. शिवाय मागचे पाय जन्मतःच खांबासारखे सरळ असल्याने सांधा गेला असेल, तर तो बरा झाला तरी पैदाशीला ठेवू नये. तो दोष वासरांत उतरतो. निव्वळ अपघाताची इजा उतरत नाही.

अंडकोषाच्या अगदी पुढे अचानक सूज आली तर जास्त सावध राहावे. फळवताना गाय एकाएकी हलली किंवा बसली की ताठ लिंग वाकून त्यावरचे चिवट आवरण फाटते आणि आत रक्त साकळते. ही सूज गळू समजून सुई घालणे हाच सर्वांत मोठा घात. आत जंतू जातात, पू होतो, ऊती एकमेकींना चिकटतात आणि लिंग कायमचे बाहेर येईनासे होते. पहिले दोन दिवस थंड पाण्याची धार, नंतर कोमट शेक आणि निदान 60 दिवस माजावरच्या गायींपासून पूर्ण दूर. सूज मोठी असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्यावा लागतो.

वेदनाशामक पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. जनावरांना डायक्लोफेनॅक देण्यावर 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मेली; मेलॉक्सिकॅम चालते. पण औषधाने लंगडणे दिसेनासे झाले म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे.

आता वीर्याचे. वळूच्या अंगात शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे 61 दिवस लागतात, बाहेर पडायला आणखी आठ-दहा. अंडकोष शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहावे लागतात. ताप किंवा सूज आली की ही घडणच बिघडते. म्हणून पंधराव्या दिवशीच्या वाईट नमुन्यावरून वळू काढू नये, चांगल्या नमुन्यावरून ठेवूही नये. ताप आणि सूज पूर्ण उतरल्यावर सत्तर दिवसांनी तपासणी करावी. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आधी चौकशी करून जावे.

वीर्य चांगले निघाले तरी वळू प्रत्यक्ष फळवताना जवळून पाहा. नुसता चढतो म्हणून भागत नाही, लिंग आत जाते का हे दिसले पाहिजे. नाहीतर गायी गाभण न राहता 21 दिवसांनी उलटत, म्हणजे पुन्हा माजावर येत राहतात आणि दोष गायींना दिला जातो. सुरुवातीला तीन-चारच गायी द्याव्यात, दोन महिन्यांनी गर्भतपासणी करावी. वळूच्या मुली कळपात वयात आल्या असतील, तर एवढा खटाटोप आपल्याच गोठ्यासाठी करण्यात अर्थ नाही. बाप-लेकीचा संकर टाळण्यासाठी तो तसाही बदलायचाच होता. अस्सल माळवी वळू मात्र आता सहज मिळत नाही. पाय गेला पण वीर्य उत्तम असेल, तर त्याचे वीर्य गोठवून ठेवता येईल का, हे आधी विचारावे.

काढायचे ठरले तरी मध्यप्रदेशात 2004 च्या कायद्याने गोवंशाच्या वधाला बंदी आहे. म्हणजे काढणे याचा अर्थ पैदाशीतून काढणे, आणि त्याचा खर्च मालकानेच उचलला पाहिजे. असा लंगडा वळू आग्रा-मुंबई रस्त्यावर सोडणे ही क्रूरता आहे. तो तिथेही गायींवर चढतो, पुन्हा पडतो, वाहनाखाली येतो. आधी पशुवैद्यकाकडून, वेदनाशामक देऊन, बर्डिझो चिमट्याने (कातडी न कापता अंडकोषाची नाडी चिरडणारा चिमटा) खच्चीकरण करून घ्यावे. त्यानंतरही काही आठवडे जिवंत शुक्रजंतू उरतात, म्हणून निदान दीड महिना त्याला गायींपासून वेगळे बांधावे. गोशाळांनीही वळू दाखल करून घेताना खच्चीकरणाची तारीख विचारावी आणि ती नोंदवहीत लिहावी.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक, इंदूर